नोटिशीची मागची बाजू

बाईंना पेशंटची उशी उचलून बघायची सवय होती. सकाळी साडेसातला त्यांचा राउंड निघायचा. डॉक्टरांचा राउंड दहाला, तोही डॉक्टर कल्याण नाक्याच्या ट्रॅफिकमधून सुटले तर. बाई मात्र साडेसात म्हणजे साडेसात. उशीखाली फरसाणाची पुडी निघायची, तंबाखू निघायची, एकदा तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळलेला बोंबील निघाला. सापडलेली वस्तू दोन बोटांत धरून त्या वॉर्डभर फिरवायच्या. "बघा रे, या शेठला आपलं जेवान गोड लागत न्हाय." शेठ बिचारा मुतखड्याचा पेशंट, ओशाळून भिंतीकडे तोंड करायचा. जप्त केलेला माल नाव लिहून कोठीत ठेवला जायचा आणि डिस्चार्जच्या दिवशी परत मिळायचा. बोंबील मात्र परत मिळाला नाही. तो कोणी खाल्ला याबद्दल आमच्याकडे दोन मतं होती.

हॉस्पिटल ट्रस्टचं होतं, अडतीस खाटांचं. पेशंट बहुतेक लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, गोदामांतले हमाल, टेम्पोवाले. नर्सला सगळे सिस्टर म्हणत, आयांना मावशी, आणि किचन आणि कोठी सांभाळणाऱ्या या एकट्या 'बाई'. राहनाळच्या पुढच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातून त्या रोज रिक्षाने यायच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी नर्स होऊन नाशिकला, भाऊ दापोड्याच्या गोदामात. मी ऑफिसात क्लार्क होतो. पत्रं आणि नोटिसा टाइप करणं हे माझं काम, आणि ते मी फार छान करतो असा माझा समज होता.

आमच्याकडे पेशंटला सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण फुकट मिळायचं. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत. बाईंच्या हिशेबी हे जेवण म्हणजेच हॉस्पिटल, आणि सोबत जमलेच तर उपचार. "डॉक्टर, तुम्ही गोळी देता दिवसातून तीनदा. ती काय रिकाम्या पोटाला सांगनार, की मी आले म्हनून?" असं त्या चांगल्या एमडी झालेल्या माणसाला तोंडावर विचारायच्या. ताट दिलं की निघून जायचं नाही, ही त्यांची दुसरी सवय. पेशंटच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या. शेवटचा घास जाईपर्यंत हलायच्या नाहीत. माणूस दडपणाखाली का होईना, जेवायचा.

तिसरी सवय कागदाची. एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा कागद टाकून दिलेला दिसला की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या टेबलाखालची टोपली त्या रोज उपसत आणि त्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीने उद्याचं जेवण लिहून बोर्डावर लावत. अक्षर मुंगीएवढं, पण स्वच्छ. चौथीनंतर शाळा सुटली होती, अक्षर सुटलं नव्हतं. लोक रक्ताचे रिपोर्ट कधी मिळणार हे बघायला बोर्डाशी यायचे आणि उद्या दोडका आहे हे वाचून जायचे.

त्या वर्षी तिकडे आखातात लढाई पेटली. टीव्हीवर नकाशे आले, बाण आले. ऑफिसात चहा पिता पिता कोण जिंकणार यावर आम्ही तावातावाने बोलत होतो. बाई चहाचे कप न्यायला आल्या होत्या. त्या टीव्हीसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "आपला गॅस कुठनं येतो?"

आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. जहाजं अडकली आणि सिलिंडरची गाडी यायची बंद झाली. आधी हॉटेलं बंद पडली, मग भिस्सी. भिस्सी म्हणजे लूमवरच्या परगावच्या कामगारांची खानावळ, महिन्याच्या बोलीवर चालणारी. एकटा राहणारा माणूस तिथेच जेवतो, त्याच्या खोलीवर साधा तवाही नसतो. भिस्सी बंद झाल्या तशी ही माणसं बिस्किटं चहात बुडवून शिफ्टवर जाऊ लागली, आणि त्यातली काही चक्कर येऊन आमच्याकडे. सलाइनच्या बाटल्या मागितल्याच्या निम्म्या यायच्या. हातमोजे सिस्टर कुलपात ठेवायच्या.

ट्रस्टच्या सचिवसाहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कटकट आवडत नसे. "दीड सिलिंडर उरलाय. नोटीस काढा. पेशंटच्या जेवणाचं ज्याचं त्याने बघावं."

मी काढली. "आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळे उद्भवलेल्या अपरिहार्य अडचणींस्तव रुग्णांच्या भोजनाची व्यवस्था पुढील सूचनेपर्यंत नातेवाइकांनी करावी. सहकार्याबद्दल आभार." फुलस्केपवर, मोठ्या टायपात. 'अडचणींस्तव' या शब्दावर मी खूश होतो.

ती बोर्डावर लावून मी वळतो तर मागे बाई. त्यांनी नोटीस वाचली, टाचणी काढली, कागद माझ्या हातात दिला.

"तू लिवलीस ना? चल, वाचून दाखव."

"कोणाला?"

"ज्यांच्यासाठी लिवलीस त्यांना. बेड एकपासून."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. बाईंनी माझ्या शर्टाची बाही धरली होती. बेड एकवरच्या माणसाची बायको तिथेच होती, तिने मान हलवली, रॉकेल मिळालं तर स्टोव्हवर करून आणीन म्हणाली. बेड दोन झोपलेला होता, बाईंनी त्याला उठवला. बेड चारवरच्या आजोबांना ऐकू कमी, तेव्हा मला 'अपरिहार्य' दोनदा ओरडून म्हणावं लागलं. मग बेड सात. आझमगढचा माणूस, लूमवर काम करणारा, मांडीचं हाड मोडून पायात रॉड घातलेला. त्याला मी हिंदीत समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"ठीक है साब," तो म्हणाला. "रिश्तेदार में कौन-कौन चलेगा?"

"कोणीही. इथे कोण आहे तुमचं?"

"गाँव में सब हैं. यहाँ लूम है."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच नियम समजून घ्यायचा होता. मला पुढे वाचता आलं नाही. खोटं कशाला सांगू, मला माझी शरम वाटली, आणि ती शरम लपवायला मी बाईंवरच चिडलो. "मग करू काय मी? गॅस माझ्या खिशात आहे का?"

बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, बेड सातच्या स्टुलावर उलटा ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि कोऱ्या बाजूला लिहिलं : 'उद्या सकाळ उपमा. दुपार डाळभात, कोबी. रात्र खिचडी.' आणि तो तसाच बोर्डावर लावला. त्या दिवसापासून रोजचं जेवण त्या त्याच कागदावर, तारीख घालून, खाली खाली लिहीत गेल्या.

दीड सिलिंडर पाच दिवस पुरला. कसा पुरला ते बाईंनाच माहीत. त्या पाच दिवसांत आम्ही काय काय केलं! विजेची शेगडी लावली तर एक्स-रे मशीन बंद पडलं. अंगणात चूल मांडता येईना, कारण किचनच्या भिंतीला लागूनच ऑक्सिजनची टाकी, आणि तिथे काडी ओढायची नाही हे बाईंनाही पटलेलं. मग इंडक्शनची मोठी शेगडी आणि जनरेटर असा बेत निघाला आणि बाई मला दापोड्याला भावाच्या गोदामात घेऊन गेल्या. त्या गोदामाला छत आहे की नाही ते दिसत नव्हतं इतका माल. कुत्र्यांचं खाणं होतं, पळायची मशिनं होती, आणि एका रांगेत शेगड्यांचे खोके खालपासून वरपर्यंत. मॅनेजर म्हणाला, इथून हातात देता येत नाही, मोबाइलवरून मागवा. मी तिथेच उभा राहून मागवली. मोबाइलने सांगितलं, 'आपल्या भागात उपलब्ध नाही.' मी मॅनेजरला मोबाइल दाखवला, खोके दाखवले. तो म्हणाला, हा सगळा माल बाहेरच्या राज्यांचा आहे.

बाईंचा भाऊ खाली मान घालून उभा होता. परत येताना कामतघरला रिक्षा अडकली. बाजूच्या एका धुराड्यातून धूर निघत होता. बाई धुराकडे बघत बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "थांबव रे."

तो सायझिंगचा कारखाना होता. लूमवर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ पाजतात, म्हणजे स्टार्चची पेज, त्याने धागा तुटत नाही. ती खळ मोठ्या पिंपात वाफेवर शिजते आणि वाफेसाठी लाकडावर चालणारा बॉयलर असतो. गॅसचा तिथे संबंधच नाही. तिथला मास्टर बाईंना बघून उठून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी काविळीने तो आमच्याकडे पडला होता आणि बाईंनी पायथ्याशी उभं राहून त्याला एकवीस दिवस पेज पाजली होती.

"मास्टर, तुझं पिंप पायजे मला. दोन टाइम."

"बाई, इसमें खळ पकती है."

"खळ म्हंजे काय? पेजच ना? मग."

पिंपात पाणी, पाण्यात आमची झाकणाची पातेली, आणि वाफ पाण्याला. वाफ थेट अन्नात सोडायची नाही, ती बॉयलरची वाफ आहे, एवढं बाईंनी मास्टरकडून तीन वेळा वदवून घेतलं. कारखान्याच्या शेठची परवानगी मास्टरने परस्पर घेतली, किंवा घेतलीच नाही. पहिल्या दिवशी डाळतांदूळ चढवून बाई भाजी निवडायला बसल्या आणि मास्टरला म्हणाल्या, जरा लक्ष ठेव. मास्टरने लक्ष ठेवलं. तीस वर्षांच्या सवयीने तो दर पाच मिनिटांनी एक थेंब अंगठा आणि बोटात धरून तार बघत होता, आणि तार येईपर्यंत घोटत होता. झाकण उघडलं तेव्हा खिचडीत पळी उभी राहिली.

"मास्टर," बाई म्हणाल्या, "धागा न्हाय, मानूस हाय."

ती खिचडी पाणी घालून घालून दोन वेळा पुरली. त्यानंतर मास्टरचा हात सुधारला. रोज सकाळ-संध्याकाळ बाई दोन पातेली रिक्षात पायांमध्ये धरून कामतघरहून यायच्या. एक अख्खं ताट आधी स्वतः खायच्या, तासभर घड्याळाकडे बघत बसायच्या, आणि मग वाढायच्या.

सचिवसाहेबांना नोटीस उलटी असल्याचं कळायला आठवडा लागला.

"बाई, बोर्डावरची नोटीस कोणी काढली?"

"काढली कुठं? लावलेली हाय."

"उलटी आहे."

"मागची बाजू कोरी पडली होती, साहेब."

मी कपाटात तोंड घालून फाइल शोधायला लागलो. साहेब मोठ्याने बोलणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "हे सायझिंगमधलं जेवण कोणाला बाधलं तर ट्रस्टचं नाव जाईल."

"मी आधी खाते. मी पडले तर नोटीस सुलटी करा."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण मी सांगतो, ज्या दिवशी एक वेळ जरी जेवण चुकलं, त्या दिवशी मी स्वतः ती सुलटी करीन. आणि मग गॅस आला तरी ती तशीच राहील. ही रोजची कसरत हॉस्पिटलला परवडणारी नाही."

बाई म्हणाल्या, "कबूल." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक टाइम बंद झालं की लोकांना सवय लागते. आधी जेवनारे गप्प बसतात, मग देनारे. आमच्या वाड्यातली बालवाडी अशीच गेली, आठ दिवसांसाठी बंद केली होती. एक टाइम चुकवायचा न्हाय बघ." मी त्यांना इतकं घाबरलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी आठ वाजता मास्टरचा फोन आला. लढाईमुळे सूत महागलं होतं, बाजारात मालच नव्हता, लूम एकेक करून थांबत होते. शेठने बॉयलर बंद केला होता. "बाई, आज भट्टी ठंडी है."

नाश्त्याला केळी आणि दूध होतं, ते निभावलं. बाराचं जेवण राहिलं. बाई कोठीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. तांदूळ होते, डाळ होती, रवा होता, सगळं कच्चं. बाई जप्तीच्या मालाच्या फळीसमोर उभ्या होत्या. हातात एक कापडी पुरचुंडी, तिच्यावर त्यांच्याच मुंगीअक्षरात 'बेड ७'.

ही पुरचुंडी त्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्या उशीखालून ओढून काढली होती. "ये क्या भूसा छुपाके रखा है?" म्हणून सगळ्या वॉर्डाला हसवलं होतं. त्यात सत्तू होता, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ.

बाई सरळ बेड सातकडे गेल्या. पुरचुंडी दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. "मेरा चुक्या भाऊ. तेरा खाना मैने भूसा बोला." मग विचारलं, "इसको आग लगता है क्या?"

"नहीं बाई. पानी लगता है."

पुढच्या दोन तासांत मी कामतघरच्या किराणा दुकानातून सत्तूचं अर्धं पोतं रिक्षात घालून आणलं. बाईंनी बेड सातला उठून बसवला, ऑपरेशनआधी सर्जन धुतात तसे त्याचे हात कोपरापर्यंत दोनदा धुवून घेतले, आणि सगळ्यात मोठं पातेलं त्याच्या खाटेशी आणून ठेवलं. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. तो कालवत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा बाई कोणाचं तरी ऐकून घेत होत्या. ज्यांना चावता येतं त्यांना घट्ट गोळे आणि दही, बाकीच्यांना पातळ, ग्लासातून. नेहमीप्रमाणे बाईंनी आधी स्वतः खाल्लं आणि तासभर घड्याळ बघितलं.

बारा वाजता सचिवसाहेब आले. भट्टीची बातमी त्यांना लागली होती. बोर्डापाशी जाऊन त्यांनी टाचणीला हात घातला, आणि वॉर्डातून बेड चारवरच्या आजोबांचा आवाज आला, "आनखी हाय का?"

साहेब आत आले. अडतीस जण खात होते, पीत होते. बाई पायथ्याशी उभ्या.

"हे जेवण आहे?"

बेड सातने मान वर केली. हात अजून पातेल्यात होते. "साब, बारा घंटा लूम पे इसी पे खड़ा रहता हूँ. आप पी के देखो."

बाईंनी ग्लास भरला आणि साहेबांपुढे धरला. सगळा वॉर्ड बघत होता. साहेब प्यायले. लिंबू जास्त झालंय असं काहीतरी म्हणाले आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

रात्री पुन्हा तेच, आणि दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मास्टरने शेठला काय सांगितलं कोण जाणे, बॉयलर पेटला.

लढाई थांबली की नाही हे मला नीट आठवत नाही. टीव्हीवर नकाशे यायचे कमी झाले आणि एका दुपारी सिलिंडरची गाडी आली. मास्टर पेढे घेऊन आला होता, जणू त्याच्याच घरी काही झालं होतं. आम्ही पेढे खात असताना सचिवसाहेब आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आता मी काय म्हणतो, गॅसचा काही भरवसा नाही. आज आला, उद्या पुन्हा तेच. लोकांनाही परिस्थिती कळलेली आहे. तेव्हा ती नोटीस आपण कायम करू."

मला माझाच आवाज ऐकू आला. मी म्हणालो, "साहेब, मी टाइप करणार नाही." माझी नोकरी जेमतेम तीन वर्षांची होती.

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या उठल्या, बोर्डावरचा कागद काढून आणला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला, पेन्सिलीची बाजू वर.

"तुमचं म्हननं होतं, एक टाइम चुकलं तर. यात कोरी जागा कुठं हाय ती दाखवा. त्या टाइमापासनं बंद करते."

साहेबांनी चष्मा लावला. उपमा, डाळभात, कोबी. खिचडी, आणि पुढे कंसात 'मास्टर', कारण ती घट्ट झाली होती. ओळीखाली ओळ, तारखेखाली तारीख, शेवटी शेवटी जागा पुरेना म्हणून समासातसुद्धा. साहेब बोट फिरवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. तिथे लिहिलं होतं : 'दुपार सत्तू. आचारी बेड ७.'

"हा दिवस," साहेब म्हणाले. "या दिवशी चूल पेटली नव्हती."

"त्या दिवशी तुम्ही जेवलात आमच्याकडं," बाई म्हणाल्या. "दोन ग्लास."

मास्टर पेढ्याचा खोका धरून तसाच उभा होता. साहेबांनी कागद उलटून माझी बाजू वाचली, पुन्हा उलटून बाईंची वाचली. मग विचारलं, "टाचणी कुठे आहे?"

मी दिली. ते स्वतः उठले, बोर्डापर्यंत गेले आणि त्यांनी कागद लावला, पेन्सिलीची बाजू बाहेर. बाई त्यांच्या मागोमाग गेल्या, त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, कानामागची पेन्सिल काढली आणि समासात उरलेल्या दोन बोटं जागेत लिहिलं : 'उद्या वरणभात, दुधी. वेळेवर.'